टेलचा आडवा स्पीकर

दादासाहेबांनी समाईक बांधावरच्या बाभळी विकल्या आणि त्या पैशातून पुण्याहून होम थिएटर आणलं. बाभळी विकून माणूस पाइप आणतो, पेंड आणतो, गेला बाजार पोरांना वह्या तरी आणतो. यांनी पाच स्पीकर, सहावा एक जड खोका आणि ट्रंकेएवढा रिसीव्हर आणला. कारण काय, तर बारामतीत एका बड्या बंगल्यावर ते चहाला बसले होते आणि तिथं म्हणे चारी भिंतींतून आवाज येत होता. चहा पंधरा मिनिटांत संपला. रोग घरी आला.

साल अठ्ठ्याण्णव. दूध सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती आणि दादासाहेब उभे होते. आमच्याकडं उभा राहिलेला माणूस घरातल्या वस्तूंनी आधी उभा राहतो, मग अर्ज भरतो.

मला निरोप आला. मी नागेश. इंदापुरात एसटी स्टँडच्या मागं माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा नववीत सुटली, पुढचं शिक्षण शॉक खाऊन झालं. पिशवीत वायरीचं बंडल, पकड आणि कावीळ झाल्यासारखा पिवळा पडलेला मीटर टाकला आणि निघालो.

दादासाहेबांची वस्ती बारामती-इंदापूर रस्त्यावरून आत, कालव्याच्या चारीच्या कडेला. बाप मेंढरं राखायचा, पोरांनी ऊस राखला. चार भावांची चार घरं, उतारानं एकाखाली एक. सगळ्यात वर थोरले दादासाहेब, त्यांच्याखाली बिरू, त्याच्याखाली झुंबर आणि अगदी खाली सारजा. सारजा म्हणजे दोन नंबरच्या भावाची, म्हाळूची बायको. म्हाळू दोन वर्षांपूर्वी गेला. चारीचं पाणी याच क्रमानं येतं. वरच्याला हेड म्हणतात, खालच्याला टेल. हेडचा माणूस कायम न्यायाबद्दल बोलतो आणि टेलचा माणूस कायम पाण्याबद्दल.

म्हाळूच्या वाट्याला पाण्याची पाळी होती मंगळवारची, सकाळी सहा ते नऊ. त्याच्या दहाव्यालाच दादासाहेब सारजाला म्हणाले, "बाईमाणसानं दारं कुठं धरायची? तुझी पाळी ऱ्हाऊ दे माझ्याकडं. मी भिजवून देतो." दारं धरायची म्हणजे फावडं घेऊन सरीसरीला पाणी वळवायचं. सारजा लग्नाच्या आधीपासून दारं धरत होती. पण दहाव्याच्या दिवशी भांडायचं कुणी? तेव्हापासून मंगळवारचं पाणी थोरल्याच्या उसात जिरत होतं. सारजाचा अर्धा एकर लसूणघास होता. घासावर एक जर्सी गाय आणि गाईवर घर. मी गेलो तेव्हा घास पिवळा पडला होता आणि गाय दुधाला निम्म्यावर आली होती.

पाणी कुठं जिरतंय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. स्पीकरच्या वायरी टाकायच्या म्हणून मी वरून खालपर्यंत चालत गेलो. गुडघ्याएवढ्या हिरव्यातून निघालो आणि धुळीत पोचलो.

पण चार घरांत वायरी कशासाठी? तेच तर सांगायचंय.

ओसरीवर खोकी उघडली तेव्हा चौघंही हजर होती. सारजा दाराच्या बाहेर, डोक्यावरचा भारा न उतरवता.

"समाईक बाभळीचं हाय, तवा मालबी समाईक," झुंबर म्हणाला.

"मग ऐका की समद्यांनी हितं बसून. मी का नगं म्हणलोय?" दादासाहेब म्हणाले.

"तुमच्या ओसरीवर? वयनी चा कवा टाकत्यात त्याची वाट बघत? हिस्सा म्हंजी उंबऱ्याच्या आत पायजे, दादा."

"बराबर," बिरू म्हणाला. बिरू आयुष्यात एवढंच बोलायचा, ज्याच्या शेजारी बसला असेल त्याला.

मी मध्ये तोंड घातलं. "दादासाहेब, हे पाचही एकाच खोलीत लावतात. मधी माणूस बसतो आन्—"

"नागेश, तू मेकॅनिक का तलाठी?"

"मेकॅनिक."

"मग वायरी जोड. वाटणी आमाला कळती."

कळत होतीच. गुरं, भांडी, आंब्याचं झाड, विहिरीतला गाळ, सगळं यांनी वाटून घेतलं होतं. दोन स्पीकर कमरेएवढे उंच होते. ते दादासाहेबांनी घेतले. घर थोरलं, म्हणून स्पीकर थोरले. जड खोका कुणाला उचलेना, तो आपोआप त्यांच्याकडेच राहिला. दोन छोटे, जुळ्यासारखे सारखे. झुंबरनं ते दोन्ही हातांत धरून तोलले, कानाला लावून हलवून पाहिले, तरी समाधान होईना, मग चिठ्ठी टाकली. एक बिरूला, एक झुंबरला.

राहिला एक. बुटका, लांबट, आडवा.

"ह्यो असा का पडलाय?" दादासाहेबांनी विचारलं.

"तो आडवाच असतो. मधला म्हणतात त्याला. त्यातनं—"

"उभाबी ऱ्हात न्हाय म्हंजी डिफेक्ट असंल. द्या सारजाला."

त्यातनं बोलणं येतं, हे माझं वाक्य घशातच राहिलं. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा गप्प केलं गेलं. तिसऱ्यांदा उघडायला मी काही त्यांचा सोयरा नव्हतो.

सारजा दारातून म्हणाली, "भावजी, मला ह्ये बोंबलं नगं. माझी मंगळवारची पाळी द्या."

"बघा!" दादासाहेब सगळ्यांकडं वळले. "छातीठोक सांगतो, तालुक्यात कुणी विधवा भावजयीला स्पीकर दिला असंल तर दाखवा. समान हिस्सा देतोय तरी हिचं तोंड वाकडं."

"स्पीकर गायीला घालू व्हय?"

"घाल की. तुझा हिस्सा, तू काय बी कर."

यावर बारामतीहून शंभराचा स्टँप आणला. मजकूर दादासाहेबांनी स्वतः सांगितला, कारण सोसायटीच्या मीटिंगांमुळं त्यांची भाषा सरकारी झाली होती. कलम एक, टीव्ही थोरल्या घरी राहील. कलम दोन, वायर प्रत्येकास समान लांबीची मिळेल. हे झुंबरचं डोकं. सारजाचं घर दोनशे फुटांवर आणि दादासाहेबांचे स्पीकर दोन फुटांवर, तरी वायर सगळ्यांना दोनशे फूट. दादासाहेबांची उरलेली वेटोळी मी पलंगाखाली ढकलली. कलम तीन, टीव्हीच्या पोटातला मूळ स्पीकर कायमचा तोडण्यात येईल, जेणेकरून थोरल्या घरास जादा आवाज मिळणार नाही. हेही झुंबरचंच. कलम चार, ज्याचा आवाज त्याचा, दुसऱ्यानं त्यावर हक्क सांगू नये. सह्या झाल्या. सारजानं तिचं नाव लिहिलं, सावकाश, पूर्ण.

मी टीव्ही उघडून आतल्या स्पीकरच्या तारा कापल्या. टीव्हीमागून आवाजाची पिन काढली, तिचे दोन फाटे करून लाल-पांढऱ्या खाचांतून रिसीव्हरमध्ये घातले. बांबू रोवून चार घरांना वायरी नेल्या. सारजाच्या घरी स्पीकर ठेवायला जागा नव्हती, म्हणून गोठ्याच्या मेढीला, म्हणजे खांबाला, खिळा मारून तिथं बसवला. गाईनं एकदा चाटून पाहिला.

संध्याकाळच्या बातम्यांना टीव्ही लावला.

बातम्या देणारी बाई तोंड हलवत होती. दादासाहेबांचे दोन्ही उंच स्पीकर मुके. जड खोका मध्येच एकदा धप्प म्हणायचा, आत कुणी पोतं टाकल्यासारखा. बिरूच्या घरून काही नाही. झुंबर आपल्या स्पीकरला कान लावून बसला होता. आणि खालून, उतारावरून, गोठ्यातून, खणखणीत आवाजात देशाची खबर येत होती.

गोम मला लगेच कळली. टीव्हीचा आवाज एकपदरी, मोनो. रिसीव्हरला दोन्ही बाजूंनी सारखाच आवाज मिळाला की तो समजतो, हे सगळं बोलणं आहे, आणि बोलणं तो मधल्याला पाठवतो. त्याचं कामच ते. रिसीव्हरवर एक बटण होतं. ते दाबलं की त्याचा हा शहाणपणा बंद, आवाज थोरल्याच्या दोन उंच स्पीकरांतून. फक्त त्या दोन. बाकी तिघांना शांतता.

माझं बोट बटणापर्यंत गेलं होतं. तेवढ्यात दादासाहेब खाली बघून ओरडले, "मायला, टेलला सुकाळ आन् हेडला दुष्काळ? असं कुठं असतंय व्हय!"

मी बोट मागं घेतलं. बिघडलेलं नव्हतंच काही. कागदाबरहुकूम सगळं जोडलेलं होतं.

"आवाज उताराला लागलाय," दादासाहेबांनी निदान केलं.

"बराबर," बिरू म्हणाला.

आता हसू नका. ज्या माणसानं सारं आयुष्य पाणी वर अडवण्यात घालवलं, त्याला जगात जे जे वाहतं ते अडवता येतं असंच वाटणार. दुसऱ्या दिवशी सारजाची वायर लिंबाच्या शेंड्यावरून नेली, आवाजाला चढ लागावा म्हणून. चढला. मग वायरीला तीन गाठी मारल्या. गाठींतून बातम्या पोचल्या, हवामानासकट. मग झुंबरला शंका आली की बिरू मध्येच आवाज फोडून घेतोय, म्हणून तो बिरूच्या वायरीवर पहारा द्यायला बसला. बिरूचं घर मुकंच होतं, पण चोरी होते आहे एवढं ठरल्यावर मालाची कुणी चौकशी करत नाही.

रविवारी सिनेमा. आता चित्र वर आणि बोलणं खाली. बाया सरळ सारजाच्या अंगणात जाऊन बसल्या. त्यांना चित्राची गरज नव्हती, कोण कुणाला काय म्हणतंय एवढं कळलं की पुरे. पुरुषांची पंचाईत. शेवटी झुंबरला मधल्या बांधावर उभा केला. खालचं ऐकायचं आणि वर ओरडायचं.

"ती म्हणती, मी तुमच्याबर न्हाय येनार!"

"कोण म्हणती?" वरून दादासाहेब.

"ती!"

"हितं दोघी हायत!"

"रडती ती!"

"दोघीबी रडत्यात, मूर्खा!"

पडद्यावर मारामारी सुरू झाली तेव्हा झुंबर अजून लग्नाची बोलणी ओरडत होता.

हसण्यासारखं होतं आणि मीही हसलो. पण त्या आठवड्यात मंगळवार आला आणि गेला आणि सारजाच्या सरीत थेंब आला नाही, हेही मी पाहिलं. रोज नवीन गाठ तपासायला मला बोलावत होते. सारजा घासाचे वाळलेले फुटवे हातानं मोडून पाहत होती. मला म्हणाली, "नागेसभाऊ, मुळी हिरवी हाय अजून. एक पाणी घावलं तर उठंल. येता मंगळवारबी गेला तर गाय इकावी लागंल."

"बोललात का पुन्हा दादासाहेबांना?"

"त्ये म्हणत्यात, स्पीकर परत दे, मग बघू पाण्याचं."

"मग?"

"आधी पाणी, मग स्पीकर, म्हणलं मी. त्ये म्हणत्यात आधी स्पीकर." ती हसली. "त्यांची पद्धत मला ठाव न्हाय व्हय? आधीचं घेत्यात, मगचं ऱ्हाऊनच जातंय."

दादासाहेबांना स्पीकर हवा होता आणि घाईनं हवा होता, त्याला कारण होतं. बारामतीतल्या प्रचारसभेत त्यांनी भाषण ठोकलं होतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून त्याची व्हिडिओ कॅसेट करून घेतली होती, गुलाबाची फुलं पडद्यावर फिरतात तसली. सोमवारी सकाळी दहाला ती कॅसेट दाखवायचा कार्यक्रम ठरला. माळेगावहून रावजीतात्या येणार होते. रावजीतात्या म्हणजे पॅनेलचा म्होरक्या. तात्यांनी मान हलवली की आसपासच्या पंचवीस गोठ्यांची मतं हलायची.

सोमवारी ओसरीवर सतरंज्या, पोहे, पंधरा-वीस टोप्या. मी व्हीसीआर जोडला. दादासाहेब उंच स्पीकरांच्या मध्ये बसले होते. काल त्यांनी सारजाची वायर दगडाखाली दाबून ठेवली होती आणि आता आवाज तुंबून वर येईल अशी त्यांची खात्री होती.

कॅसेट सुरू झाली. पडद्यावर दादासाहेब. एक मूठ हवेत, दुसरी टेबलावर, तोंड वासलेलं. ओसरीवर शांतता. जड खोका म्हणाला, धप्प.

आणि खालून, गोठ्यातून, दादासाहेबांचा आवाज आला.

"बंधूंनो! टेलच्या शेवटच्या सरीला पाणी मिळंपातूर ह्यो दादासाहेब भाकरीला हात लावनार न्हाय!"

रावजीतात्यांनी पोह्याचा घास थांबवला. "आवाज कुठं गेलाय रं?"

"खालच्या घरी, तात्या. जरा… वायरीचा घोळ हाय."

"मग खाली जाऊन ऐकू. भाषणाला आलोय का पोहं खायाला?"

आणि तात्या उठले. तात्या उठल्यावर कोण बसतं? सगळी ओसरी उतरायला लागली. पुढं तात्या, मागं टोप्या, त्यांच्यामागं दादासाहेब "ऐका की, ऐका की" करत. उसाच्या बांधावरून चिखलातून, मग नुसत्या ओलीतून, मग धुळीतून. धुळीत येऊन सगळे थांबले, कारण पुढं सारजाचं अंगण होतं.

"माझ्या आयाबहिणींच्या डोळ्यांतलं पाणी मला बघवत न्हाय!" मेढीवरचा स्पीकर सांगत होता. खाली गाय रिकामी गव्हाण चाटत होती.

तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "ह्यो घास कुणाचा?"

"माझा," सारजा म्हणाली.

"वाळलाय की."

"टेलला हाय, तात्या."

"शेवटची सरी माझ्यासाठी पयली सरी हाय!" स्पीकर गरजला.

कुणीतरी टॉवेल तोंडात कोंबला. दुसऱ्या कुणाला ते जमलं नाही, तो फसकन हसला. दादासाहेब लालबुंद. सारजा शांतपणे मेढीपाशी गेली, स्पीकरच्या मागं हात घातला आणि वायर उपसली. भाषण "मी शब्द देतो की—" इथं तुटलं.

"सारजा, जोड ती वायर," दादासाहेब म्हणाले.

"कलम चार, भावजी. ज्याचा आवाज त्याचा. माझ्या घरात कवा बोलायचं त्ये मी ठरवनार."

"पावण्यांच्या म्होरं तमाशा लावतीस?"

"पावण्यांनाच सांगती. तात्या, ह्यांनी आता कुणाला सबुद दिला त्ये तुटलं. मला तेवढं ऐकायचंय. मंगळवारची सा ते नऊची पाळी माझ्या मालकाची. दोन वर्सं यांच्या उसात जिरती. ती द्या म्हणावं. मग वायर जोडती, दिसभर ऐका."

दादासाहेब माझ्यावर उसळले. "नागेश, वर काय जमतंय का बघ! काय तरी असंल की त्या मशिनीत!"

वीस टोप्या माझ्याकडं वळल्या. एक बटण. मी म्हणालो, "न्हाय जमत, दादासाहेब. मशीनच तसलं हाय." खोटं बोललो. त्या खोट्याची मला आजतागायत लाज वाटलेली नाही.

तात्यांना बाईचा कळवळा आला असं कुणी समजू नये. तात्यांना मतं दिसत होती. वीस माणसं वाळलेल्या घासात उभी होती आणि हे वीस गावांत जाणार होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "दादासाहेब, तीन तासांच्या पाण्यासाठी पाच वर्साची खुर्ची घालवू नगंस. दे."

"दिली म्हणा," दादासाहेब जमिनीकडं बघत म्हणाले.

"म्हणा न्हाय," सारजा म्हणाली. "लिहा."

कागद कुठला? एकाच्या खिशात प्रचाराचं पत्रक निघालं. एका बाजूला हात जोडलेले दादासाहेब, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर दादासाहेबांनी लिहिलं, सरकारी भाषा विसरून, चार ओळींत. खाली तात्यांची सही, आणखी सहा जणांच्या सह्या, दोघांचे अंगठे. सारजानं ते सगळं अक्षराला बोट लावून वाचलं. "सा ते नऊ लिवलंय, सकाळी लिवलं न्हाय," म्हणाली. दादासाहेबांनी 'सकाळी' घातलं. कागद तिनं घडी करून कनवटीला लावला. मग वायर जोडली.

तोवर भाषण संपलं होतं. स्पीकरमधून सनई वाजत होती. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या.

दादासाहेब निवडून आले. येणारच. त्या दिवशीची हकिगत गावोगाव फिरली खरी, पण ती अशी फिरली की दादासाहेबांनी भाषण चालू असतानाच भावजयीला पाणी देऊन टाकलं, असा शब्दाचा पक्का माणूस. मी स्वतः दोघांना खरं सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, तुला काय कळतं, आम्ही ऐकलंय.

त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार. मला खरंतर काम नव्हतं, पण सहाच्या आत मी चारीवर पोचलो. सारजा आधीच सरीत उभी होती, लुगड्याचा काचा मारलेला, हातात फावडं. वर चारीच्या दाराची, पाणी अडवणारी फळी उचलायला दादासाहेबांनी बिरूला धाडलं होतं. बिरूनं घड्याळ पाहिलं, वर थोरल्या घराकडं पाहिलं, आणि फळी उचलली.

पाणी आलं. आधी काडीकचरा, मग फेस, मग गढूळ, आणि त्याच्यामागं नितळ. पहिल्या सरीची माती सू सू करून ते पीत होती. सारजानं दोन पावलं मागं घेऊन दुसऱ्या सरीचं तोंड फोडलं, पाण्याची धार एकदा निरखली आणि मान वर करून अशी ओरडली की वरच्या ओसरीवर चहाची कपबशी थांबली असेल.

"बिरूभावजी! निम्मीच उचललीया फळी! पुरी वढा, पुरी!"